देशी पिल्लू दत्तक घेतलंय, त्याने घर डोक्यावर घेतलंय, ट्रेनिंगबद्दल मदत हवी

गुळाचा_चहा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात वारज्याला राहतो, चौथा मजला, टू बीएचके. मी, नवरा, सासू-सासरे आणि आठ वर्षांची लेक. उन्हाळ्याच्या शेवटी शेजारच्या पार्किंगमधे एका कुत्रीने पिल्लं दिली आणि थोड्याच दिवसात ती आई गाडीखाली गेली. एक कॉलेजची मुलगी त्या पिल्लांना सांभाळत होती, तिच्याकडून गणपतीच्या आधी आम्ही एक घरी आणलं. मुलगी आहे, आता साधारण चार महिन्यांची, नाव जिलबी. एक कान उभा, एक पडलेला, आणि अंगात काय भरलंय देव जाणे.

सकाळी शहाण्यासारखी असते. संध्याकाळी सात वाजले की सुरू. सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून बेडरूममधे, परत येताना जो समोर असेल त्याच्या पोटरीला दात. लेकीच्या फ्रॉकला लोंबकळते आणि गुरगुरत ओढते, लेक किंचाळत दिवाणावर चढते की हिला अजून मज्जा. परवा लेकीच्या घोट्याला ओरखडा येऊन थोडं रक्तही आलं. सासऱ्यांच्या तीन चपला गेल्या, प्रत्येक वेळी डावीच. सकाळ-संध्याकाळ नवरा चांगला लांब फिरवून आणतो, बाहेर एक थेंब करत नाही आणि घरात पाऊल टाकलं की पायपुसण्यावर शू. एकटी ठेवली तर असं रडते की खालच्या मजल्यावरच्या काकू दोनदा वर येऊन गेल्या.

सासरे म्हणतायत त्या मुलीला परत देऊन टाका. मला ते अजिबात करायचं नाहीये पण खरं सांगते, मी दमलेय. कुठून सुरुवात करू?

मालवणी_कालवण

डावीच चपल खाता म्हणजे आवड पक्की आसा. 😀 फोटो टाका आधी, नायतर धागा बाद.

टेकडीफिरस्ता

धागा वाचून हसू पण आलं आणि माझ्या पहिल्या कुत्र्याचे दिवस पण आठवले. आमच्याकडे आत्ता दोन देशी आहेत आणि अधूनमधून फॉस्टरची, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायची पिल्लं येऊन जाऊन असतात, त्यावरून लिहितोय, मी काही डॉक्टर नाही.

पहिली गोष्ट, जिलबीला व्यायाम कमी पडत नाहीये, झोप कमी पडत्ये. सगळे जण इथेच फसतात, पिल्लू उड्या मारतंय ना मग अजून दमवा. एवढं पिल्लू दिवसाचे अठरा तास तरी झोपायला पाहिजे, आणि तुमच्या घरात पाच माणसं, टीव्ही, बेल, कुकरच्या शिट्ट्या, लेक शाळेतून आली की दंगा, ती झोपणार कधी? सात वाजता जे चालू होतं ते झोप न झालेल्या लहान मुलाचं असतं तेच आहे. दुपारपासून हिशोब ठेवा. जागी राहून तास-दीड तास झाला की तिला एका खोलीत किंवा क्रेटमधे (कुत्र्याचा पिंजरा), पडदा ओढून, पंखा लावून, चघळायला काहीतरी देऊन ठेवा. पहिले काही दिवस कुरकुर करेल. पण दुपारी नीट झोपली की सातचा तमाशा निम्मा होतो, हे मी पिल्लामागून पिल्लू बघितलंय.

दुसरं, दात. कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात आणि पक्के ४२, आणि चार ते सहा महिन्यात ही सगळी अदलाबदल होते. हिरड्या सळसळत असतात, ती चावणारच, प्रश्न काय चावायचं एवढाच आहे. जुना टर्किशचा पंचा ओला करून पीळ घालून फ्रीजरमधे ठेवा आणि तो द्या, गार गाजर द्या. चपला मात्र तुम्हीच उचलून ठेवायच्या, शू-रॅकला दार लावून घ्या, त्याला काही ट्रेनिंग नाही. आणि जुनी चपल खेळायला देऊ नका, जुनी कुठली नवी कुठली तिला काय कळतंय.

तिसरं म्हणजे लेक. तिला 'झाड' व्हायला शिकवा. जिलबी अंगावर आली की पाय जवळ, हात छातीशी घट्ट, नजर वर, तोंडातून आवाज नाही. पळणारी, किंचाळणारी, फ्रॉक उडवणारी गोष्ट हे पिल्लाचं सगळ्यात आवडतं खेळणं आहे, आणि उभं झाड भयंकर बोअर. जिलबी थांबली, चारी पाय जमिनीवर आले की मग लेकीने दोरीचं खेळणं लांब फेकायचं, हातात धरून नाही. आणि तुम्ही मोठ्यांपैकी कोणीतरी तिथे असल्याशिवाय दोघींना एका खोलीत सोडायचं नाही, कितीही गोड दिसल्या तरी.

गोठ्यातला_डॉक्टर

वरचं सगळं बरोबर आहे पण माझं आधी वाचा. ताई, रक्त आलंय असं तुम्ही सहज लिहून गेलात. आई रस्त्यावरची, तिचं लसीकरण झालं होतं का माहीत नाही, पिल्लू कोणाच्या संपर्कात होतं माहीत नाही. पिल्लाला रेबीज होत नाही किंवा पिल्लाच्या दातातून होत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून धुवायचं असतं, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही. परवाचं आहे तरी उशीर झाला म्हणून गप्प बसू नका, आज लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात जा, तिथे ही लस मोफत मिळते. कातडीत देतात ती साधारण ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर सोबत जखमेत सीरमही (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टर बघून ठरवतील, तुम्ही फक्त रक्त आलं होतं हे न विसरता सांगा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर हातात जवळपास काही उरत नाही, म्हणून इतकं कडक लिहितोय.

जिलबीचं कार्ड काढून बघा. डीएचपीपीआयचे (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस) डोस सहा ते आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने आणि शेवटचा १६ आठवड्यांना किंवा त्यानंतर. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण असेपर्यंत लस नीट लागत नाही म्हणून शेवटचा डोस महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच विसरतात. अँटीरेबीज तीन महिन्यांना. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्याला.

शेवटचा डोस व्हायचा असेल तर मोकाट कुत्र्यांची जागा टाळा. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून जमिनीत जातो आणि महिनोन् महिने टिकतो. पण म्हणून घरात कोंडूनही ठेवू नका, कडेवर घेऊन रिक्षा, बस, भाजीवाला, शाळेची पोरं सगळं दाखवा. तीन ते चौदा आठवड्यात पिल्लू जग काय आहे ते ठरवतं. जिलबीचा तो काळ नुकताच संपलाय, म्हणून घाई करा.

गुळाचा_चहा

डॉक्टर, थँक्यू. आत्ताच जाऊन आलो, पहिला डोस झाला, सीरमही दिलं, लेक बाहेर येऊन म्हणाली आता जिलबीला पण टोचा. जिलबीचा शेवटचा डोस राहिलाच होता, शनिवारची वेळ घेतलीये.

रोखठोक_काका

हे सगळं वाचून करमणूक झाली. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात कायम कुत्रं असायचं. उष्टं खायचं, ओट्यावर झोपायचं, अनोळखी माणूस आला की भुंकायचं. ना क्रेट ना फ्रीजरमधला पंचा. वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके दिले की आयुष्यभर चप्पल तोंडात धरत नसे. कुत्र्याला कुत्र्यासारखं ठेवा, तुमचे प्रश्न सुटतील. राग मानू नये.

टेकडीफिरस्ता

काका, राग नाही. पण वाड्यातलं कुत्रं दिवसभर काय करायचं ते आठवून बघा. दार उघडं. वाटेल तेव्हा बोळातून चक्कर मारून यायचं, दहा ठिकाणी वास घ्यायचा, दोन भांडणं करायची, शू-शी आपली आपण, ऊन आलं की सावलीत सरकायचं. त्याचा दिवस त्याच्या हातात होता. ट्रेनिंग वाडाच देत होता, माणसांना करायला काही शिल्लकच नव्हतं. चौथ्या मजल्यावर आणून आपण हे सगळं काढून घेतो, कधी खायचं, कधी मुतायचं, कोणाला भेटायचं सगळं आपण ठरवतो आणि मग म्हणतो हे कुत्र्यासारखं का वागत नाही! जे काढून घेतलं त्याच्या बदल्यात काहीतरी द्यायला नको?

आणि फटक्यांचं. मारल्यावर ते गुरगुरायचं बंद होतं हे खरंय. पण गुरगुरणं म्हणजे त्याची सूचना असते, की आता मला त्रास होतोय. ती सूचना मारून काढलीत की राहतो थेट चावा. 'काहीही न करता अचानक चावला' म्हणून लोक ज्या कुत्र्यांना माझ्याकडे आणून सोडतात त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांची गोष्ट खोदून विचारलं की अशीच निघते.

रोखठोक_काका

बोळाचा मुद्दा पटला. फटक्यांचा अर्धा पटला. पण घरात शिस्त हवी आणि ती एकाच माणसाची हवी, यावर मी ठाम आहे. सासरे पानातली पोळी घालणार, सूनबाई नको म्हणणार, असं चालत नाही.

नागपुरी_संत्रं

काका +१, हे मात्र शंभर टक्के. आमच्याकडे बाबा जेवताना हळूच तुकडा टाकायचे आणि आम्ही वर्षभर कुत्र्याला ओरडत बसलो की ताटाजवळ येतोस कायले. भुंकलं की तुकडा मिळते हे त्याले बाबांनीच शिकवलं ना बे. त्याची काहीच चूक नव्हती.

एकटं ठेवण्याबद्दल लिहितो. तुम्ही एकदम दोन तास निघून जात असाल, ते नका करू. चप्पल घाला, किल्ली वाजवा आणि सोफ्यावर बसा. असं दिवसातून कितीदा तरी. किल्ली वाजली म्हणजे जग बुडालं असं नाही हे तिला कळू द्या. मग दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन, मग पाच, रडायच्या आत परत यायचं. परत आल्यावर मिठ्या मारून सोहळा करायचा नाही. मोबाईल घरात रेकॉर्डिंगला लावून जा, कितव्या मिनिटाला सुरू करते ते कळते. सावकाश होते हे, तोवर घरी कोणी ना कोणी राहील असं बघा, तुमच्याकडे सासू-सासरे आहेत म्हणजे लई मोठी सोय आहे. आणि खालच्या काकूंना एक डबा घेऊन जा, सांगा आम्ही काम करतोय यावर. अर्धी तक्रार तिथेच मिटते.

सोसायटी_सेक्रेटरी

तक्रारीवरून आठवलं. आमच्याकडे मीटिंगमधे दरवर्षी कोणीतरी कुत्रे बंदीचा ठराव आणतं आणि दरवर्षी मला तेच वाचून दाखवावं लागतं. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला प्राणी पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्ट वापरायला पण नाही. पण हे वाचून दाखवल्यावर मी प्राणीवाल्यांना पण सांगतो, जिन्यात घाण झाली तर तुम्हीच साफ करायची, पार्किंगमधे पट्टा लावूनच फिरवायचं, महापालिकेचं लायसन्स काढून त्याची प्रत ऑफिसात द्यायची. लायसन्ससाठी अँटीरेबीजचं सर्टिफिकेट लागतंच. पिशवी न घेता फिरवणारा एक मेंबर बाकी दहा जणांचं नाव खराब करतो हा स्वानुभव. रच्याकने (बाय द वे), मला स्वतःला कुत्र्यांची भीती वाटते.

हॅनोव्हरकर

इथे जर्मनीत आमच्या राज्यात, म्हणजे लोअर सॅक्सनीत, पहिल्यांदा कुत्रा घेणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते. गंमत नाही करत, २०१३ पासून सक्तीची आहे. कुत्रा घ्यायच्या आधी लेखी, मग वर्षभरात प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलला परीक्षक तुमच्याबरोबर रस्त्यावर चालतो, समोरून सायकल येते, जॉगर येतो, दुसरा कुत्रा येतो, आणि तुम्ही काय करता ते तो बघतो. कुत्र्याला मार्क नसतात, माणसाला असतात. वर दरवर्षी कुत्र्याचा टॅक्स. मी पहिल्यांदा वैतागलो होतो, आता वाटतं लेखी परीक्षेचा अभ्यास केला नसता तर कुत्रा शेपटी हलवतोय म्हणजे खुश आहे एवढ्यावरच राहिलो असतो. ताठ, उंच, हळू हलणारी शेपटी म्हणजे दोन पावलं मागे व्हा. भारतात परीक्षा कोण घेणार, पण सासऱ्यांसकट सगळ्या घराने बसून असं काहीतरी वाचायला हरकत नाही.

मालवणी_कालवण

परीक्षा सासऱ्यांची घ्या, चपल गेली ती त्यांचीच.

बरं आता जरा कामाचं. पायपुसण्याचं. बाहेर फिरताना तिला इतकं बघायला असतं की शू करायचं राहून जातं, घरी शांत वाटलं की होते. तर फिरवू नका. खाली नेऊन एकाच जागी उभे राहा, झाड व्हा तुम्ही पण. झोपून उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर, तीनही वेळा न्यायचं. केली की त्याच जागी, त्याच सेकंदाला खाऊ, घरी येऊन नाही, घरी दिलात तर तिला वाटेल जिना चढल्याबद्दल मिळालं. मगच फेरी. आणि पायपुसणं फेकून द्या, फिनाईलने वास आपल्याला जातो, तिला नाही जात. एन्झाईमवालं क्लीनर मिळतं ते वापरा. घरात झाली तर नाक घासायचं वगैरे प्रकार नको, तिला एवढंच कळेल की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, मग बाहेर पण तुमच्यासमोर करणार नाही.

गुळाचा_चहा

किती लिहिलंत सगळ्यांनी, धन्स. अपडेट देते. दुपारची झोप सक्तीची केलीये, बेडरूमचा पडदा ओढून. पहिले दिवस दार खरवडलं, आता स्वतःहून जाते. संध्याकाळचा दंगा आहे अजून पण अंगावर येणं बरंच कमी झालंय. लेक झाड इतकं मन लावून होते की परवा भाजीवाल्यासमोर पण झाली.

सासऱ्यांचा विषय वेगळाच निघाला. त्यांना पोळी घालायला हवीच होती, काहीतरी द्यायला आवडतं त्यांना. मग नवऱ्याने उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत भरून त्यांच्या हातात दिले आणि सांगितलं, बाबा, ती खाली बसली की एक. आता सकाळी पेपर वाचायच्या आधी दोघांचा कार्यक्रम असतो. डबी बनियनच्या खिशात. ती बसते, हे देतात, उठते, हे पेपर वर धरून दुर्लक्ष करतात, परत बसते. ताटातली पोळी बंद. 'परत द्या' हे आठवड्यात ऐकलं नाही, म्हणजे पटलंय असं नाही, परवा चष्म्याचं कव्हर गेलंय.

दोन प्रश्न. एका ट्रेनरने 'महिनाभर आमच्याकडे ठेवा, पूर्ण ट्रेन करून देतो' असं सांगितलंय, रक्कम बरीच आहे. आणि नवऱ्याला तिला टेकडीवर मोकळं सोडायचंय.

टेकडीफिरस्ता

महिनाभर ठेवून घेणाऱ्याला माझा नकार. तिथे ती त्या माणसाचं ऐकायला शिकेल, घरी आल्यावर तुम्ही तेच पाच जण. आत काय वापरतात, काटेरी पट्टा की काय, तुम्हाला दिसतही नाही. ट्रेनर हवाच असेल तर घरी येणारा बघा, जो कुत्र्यापेक्षा जास्त वेळ तुम्हाला शिकवेल.

टेकडीवर इतक्यात मोकळी नको. दहा मीटरची हलकी दोरी आणि हार्नेस, गळ्यातल्या पट्ट्याला लांब दोरी कधीच नाही. हाक मारून आली की चिकन, आणि लगेच परत 'जा, हुंग'. हाक मारली म्हणजे खेळ संपला असं एकदा डोक्यात बसलं की ती यायचं बंद करते, म्हणून दहातल्या नऊ हाका परत सोडण्यासाठीच मारायच्या. वेताळ टेकडीवर मोर असतात, मोर उडाला की भल्याभल्या कुत्र्यांना स्वतःचं नाव आठवत नाही. सहा-आठ महिन्यांची झाली की आत्ता येतंय ते सगळं विसरल्यासारखी वागेल, तेव्हा इथे येऊन रडायचं.

अनामिक_वाचक

थोडं कडू लिहितो. नोकरी करणारं जोडपं, लहान मूल, वयस्कर माणसं, अशा घराने पिल्लू घेऊच नये असं माझं मत आहे. मोठा रेस्क्यू (सोडवून आणलेला कुत्रा) घ्यावा, तीन-चार वर्षांचा. स्वभाव कळलेला असतो, चपलांचं वय गेलेलं असतं, आणि त्यांना कोणी विचारत नाही. पिल्लू सगळ्यांना हवं असतं आणि दहा महिन्यांचं झालं की त्यातली बरीच परत रस्त्यावर दिसतात.

गुळाचा_चहा

मत मान्य. पण आमच्या पार्किंगमधे तीन-चार वर्षांचा नव्हता, ही होती.

अनामिक_वाचक

तेही बरोबर. ठेवताय यातच आलं सगळं.

नागपुरी_संत्रं

डॉक्टर, धागा वर आहेच तर विचारतो, दिवाळीचं काय करायचं? आमचा फटाक्यांना पलंगाखाली जाऊन थरथरत बसते. आणि जिलबीची पहिलीच दिवाळी.

गोठ्यातला_डॉक्टर

जिलबीसाठी आत्तापासून फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात लावा, जेवताना, आणि आवाज काही आठवड्यांत थोडा थोडा वाढवा. खाणं थांबवलं तर आवाज जास्त झाला समजायचं. तुमचा मोठा आहे, त्याला पलंगाखालून ओढून काढू नका, ती त्याने निवडलेली जागा आहे, तिथेच गादी टाका. त्या दिवसात अंधार पडायच्या आत फेरी उरका, खिडक्या बंद, पंखा फुल. तो येऊन चिकटला तर जवळ घ्या, लाडाने भीती वाढत नाही. फारच घाबरत असेल तर औषधं आहेत, पण दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी दाखवायला आणा, आदल्या रात्री फोन करून गोळी विचारू नका, आणि माणसांची झोपेची गोळी तर अजिबात नाही. दोघांच्याही पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावा, त्या आठवड्यात बरीच कुत्री पळून हरवतात.

आणि फराळ उंच ठेवा. चॉकलेट, द्राक्षं, मनुके, कांदा-लसूण नको. मनुक्यांवरून सांगतो, प्रसादाच्या शिऱ्यातले पण नकोत, आजी-आजोबांना हे मुद्दाम सांगा.

गुळाचा_चहा

सांगितलं. सासरे विचारतायत बेसनाचा लाडू चालेल का.

गोठ्यातला_डॉक्टर

नाही. त्यांना म्हणावं डबी आहे ना.